वाटेवरची मोळी

शेणव्याजवळच्या एका आश्रमशाळेत गोदी स्वयंपाक करते. दोन वेळचा भात-आमटीचा डोंगर उपसायचा, शिवाय घर ते शाळा रोजची नऊ किलोमीटर सायकल. वय छत्तीस, अंगानं काटक आणि स्वभावानं हट्टी. हट्टी म्हणजे किती, तर एक जुनी गोष्ट बाईनं बावीस वर्षं मनातून काढली नव्हती.

झालं होतं असं. चौदाव्या वर्षी तालुक्याच्या धावण्याच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढं होती. मागं वळून बघते तर मैत्रीण सावळी कुठं दिसेना. पाड्यावरच्या पोरी रानात लाकडांना जातात तेव्हा मागं राहिलेलीसाठी थांबायचं, एकटीला टाकून यायचं नाही, ही रीत. गोदी थांबली. सावळी धापा टाकत आली आणि दोघी हातात हात घालून सगळ्यांच्या शेवटी पोचल्या. गुरुजींनी कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षी त्यांनी तिचं नावच घातलं नाही. संपलं धावणं! गोदीनं तेव्हाच कानाला खडा लावला.

म्हणून खेळाचे जीवन सर यंदा सांगत आले, की मुरबाडकडं धरणावर शर्यत आहे, साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल आणि पाच किलोमीटर पळायचं, तेव्हा गोदीनं हातातला डाव खाली न ठेवताच हो म्हटलं. दोन तासांच्या आत येईल त्याला पदक, मिनिटाचा उशीर झाला तरी हात हलवत परत. तिला ते पदक हवंच होतं. सरांना ती एवढंच म्हणाली, "यंदा मी कुनासाठी थांबनार नाय."

पौषातली म्हसा गावची जत्रा संपून पंधरा दिवस झाले होते. सकाळी धरणाचं पाणी बर्फासारखं गार. मुंबई-ठाण्याची मंडळी रबरी कपडे चढवून उभी, आणि आमची गोदी पंजाबी ड्रेसवर. पोहायला ती म्हशींच्या मागं नदी ओलांडताना शिकलेली. डोकं पाण्याच्या वर, नजर समोरच्या काठावर. दिसायला काही देखणं नाही, पण बाई दमत नाही. पन्नासेक जणांना मागं टाकून ती काठाला लागली.

सायकलीवर मात्र तिची गाडी मागं पडली. लोकांच्या सायकली एका बोटानं उचलाव्यात अशा, हिच्या सायकलीला कॅरिअर, स्टँड, घंटी, सगळा संसार. भले भले सूंसूं करत पुढं गेले. सिद्धगडाकडच्या चढावर त्यातल्या चौघांना तिनं गाठलं, तेवढंच समाधान.

पळायला लागली तेव्हा पाय लाकडाचे झाले होते. अडीच किलोमीटर जायचं, तिथून वळून यायचं. वळून किलोमीटरभर आली असेल, तर मघाशी मोकळ्या असलेल्या वळणावर एक म्हातारी बसलेली, शेजारी लाकडांची मोळी. विसाव्याला टेकवलेली मोळी एकट्या बाईला पुन्हा डोक्यावर चढवता येत नाही. वाटेनं जाणाऱ्यानं हात लावायचा असतो. त्या भागात मोळीपाशी बसलेलीला ओलांडून कुणी जात नाही, भांडण असलं तरी जात नाही.

गोदीनं मोळी पाहिली. म्हातारीनं गोदीला पाहिलं. सरांनी हातावर बांधायला दिलेलं घड्याळ अकरा मिनिटं उरल्याचं सांगत होतं आणि वाट अजून दीड किलोमीटर होती. एकदा वाकलं तर गुडघे पुन्हा उठायचे नाहीत, हे तिला कळत होतं. तिनं नजर फिरवली आणि पळत राहिली.

दीड मिनिट शिल्लक असताना ती कमानीतून आत आली. सरांनी हात उंचावले, कुणीतरी तिच्या गळ्यात पदक घातलं, हातात केळं दिलं. बावीस वर्षांनी पुरी झालेली शर्यत! आनंद व्हायला हवा होता. झालाही, घोटभर पाणी पिईपर्यंत. मग वळणावरची मोळी आठवली. सरांना आलेच म्हणून ती तशीच, लंगडत, आल्या वाटेनं माघारी चालू लागली. अर्ध्या वाटेत तर तिला रडूच आलं.

म्हातारी तिथंच होती. सावली सरकली तशी तीही थोडी सरकून बसली होती.

"चुकलं गो आये," गोदी म्हणाली. मग विचारलं, एवढी माणसं इथून गेली, कुणाला हाक का नाही मारलीस?

"त्यांना मोली दिसलीच नाय, गो. तुला दिसली." म्हातारी कमरेवर हात ठेवून उठली. "तू नजर फिरवलीस ना, तवाच म्हटलं, ही येल माघारी. म्हनून बसले."

गोदी मोळीपाशी गेली. पदक मध्ये येत होतं, ते तिनं पाठीवर टाकलं. मग ती वाकली. गुडघे उठले. मोळी म्हातारीच्या डोक्यावरच्या चुंबळीवर नीट बसवून गोदी तिच्या मागून, तिच्याच चालीनं, तिच्या दारापर्यंत गेली.