एंटविसलची पिवळी भिंत

इंग्लंडातल्या ॲक्रिंग्टनच्या माणसाला राजकारणाबद्दल एक वेळ मत नसेल, पण विटेबद्दल असतंच. इथली वीट लालभडक, गुळगुळीत आणि इतकी कडक, की खिळा ठोकायला जावं तर खिळाच वाकतो. आमच्या गल्ल्याच्या गल्ल्या या एका विटेच्या. आणि अशा गावात विल्फ एंटविसलने आपल्या घराच्या तोंडावरच पिवळ्या विटांची भिंत उभी केली होती. लाल घरांच्या रांगेत ती पिवळ्या दातासारखी दिसायची. कुणी काही बोललं नाही, कारण आमच्याकडे तोंडावर बोलत नाहीत. लोक म्हणायचे, "वा, वेगळंच काहीतरी केलंस," आणि कोपऱ्यावर वळले की हसायचे.

भिंतीमागे खोली होती. पूर्वीचं गॅरेज. विल्फ तरुणपणापासून वीटभट्टीवर होता. मंदी आली आणि एका सकाळी मुकादम ॲलेक डक्सबरीने फाटकापाशी उभं राहून कमी केलेल्या कामगारांची नावं वाचली. त्यात विल्फचं नाव होतं. घरी येऊन त्याने बायकोसमोर शपथ घेतली, की या गावची एकही वीट यापुढे माझ्या घराला लागणार नाही. घरातली छोटी गाडी त्याने विकून टाकली, गॅरेजचं दार काढलं आणि दूरवरून आणलेल्या स्वस्त पिवळ्या विटांनी तोंड बुजवलं. खोली भाड्याने देऊ, असा बेत होता. भाडेकरू काही आला नाही. वर डांबरी कागदाचं सपाट छप्पर, आत ओल, जमीन घरापेक्षा तीन पायऱ्या खाली, रस्त्याच्या पातळीला. पस्तीसेक वर्षं त्या खोलीत शिडी, रंगाचे डबे आणि नाताळचं प्लास्टिकचं झाड राहत होतं.

त्याची बायको म्युरिअल त्या खोलीत पाऊल टाकत नसे. बाजारातून येताना मागच्या गल्लीने फिरून यायची, पण त्या भिंतीवरून जायची नाही. विल्फने पूर्वी एकदा विचारलं होतं, "तुला आवडली नाही का गं?" ती म्हणाली, "ठीक आहे." आमच्या लँकेशर परगण्यातली बाई "ठीक आहे" म्हणते तेव्हा काहीच ठीक नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. विल्फला कळत नव्हतं असं नाही. त्याने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, की हिला पिवळ्या रंगाची लाज वाटते.

यंदाच्या ऑक्टोबरात म्युरिअल अंगणात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण जिना चढणं आता कायमचं बंद. इस्पितळातून शाइस्ता नावाची मुलगी घर बघायला आली. माणूस घरी सोडायच्या लायकीचं घर आहे की नाही, हे तपासायचं तिचं काम. ती याच गावची, तिचे आजोबा इथल्या कापडगिरणीत होते. तिने पुढच्या दाराच्या तीन पायऱ्या बघितल्या, खोलीच्या भिंतीला हात लावला आणि ओला हात रुमालाला पुसला.

"मिस्टर एंटविसल, खाली उबदार, कोरडी खोली नसेल तर मी त्यांना सोडू शकत नाही. मग वृद्धाश्रम. बर्नली रोडवरच्या आश्रमात एक जागा आहे, ती मी धरून ठेवते." मग तिने पुढच्या दिवाणखान्याचं दार ढकललं. काचेच्या कपाटात चिनी मातीची भांडी, सोफ्यावर सुरकुतीही नाही. "ही खोली मस्त आहे की! इथे का नाही पलंग टाकत?"

"तिथे?" विल्फ दचकलाच. "पोरी, ती चांगली खोली आहे. तिथे कुणी राहत नाही. म्युरिअलच्या आईला तिथे ठेवलं होतं, पुरायच्या आधी."

शाइस्ताने पुढे विचारलं नाही. तिच्या आजीच्याही घरी पाहुण्यांची खोली कुलपातच असायची.

संध्याकाळी विल्फने इस्पितळात म्युरिअलला सगळं सांगितलं. ती उशीला टेकून बसली होती, वाटाण्याचं सूप समोर निवत होतं.

"दिवाणखान्यात मी मेल्यावर ठेव मला," ती म्हणाली. "आणि त्या खुराड्यात तर मेल्यावरही नको. त्यापेक्षा आश्रम बरा. निदान तिथे खिडकीतून रस्ता दिसेल."

"अगं, नीट करतो ना मी खोली."

"तुला हवं ते कर, विल्फ. नेहमी तेच करतोस."

विल्फ बसने घरी निघाला. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. ती आश्रमात गेली की परत येणार नाही, हे त्याला लख्ख दिसत होतं. तिथून कुणी परत येत नाही. रिकाम्या घरात एकट्याने चहा करायचा, एकाच कपाचा, या विचाराने तो घाबरला. आणि घाबरलेला माणूस जे हाताला येतं तेच धरतो. याच्या हाताला विटा आल्या.

दुसऱ्या दिवशी तो त्याच जुन्या मुकादमाच्या, डक्सबरीच्या वखारीत गेला. म्हातारा आता पाडलेल्या घरांचा माल विकायचा. इतकी वर्षं दोघे एका गावात राहून एकमेकांशी बोलले नव्हते.

"कोण, एंटविसल?" डक्सबरी खुर्चीतून उठलाच नाही. "रस्ता चुकलास काय? पिवळ्या विटा इकडे मिळत नाहीत बाबा."

"लाल हव्यात."

"मोठ्याने बोल, कान गेलेत माझे."

"लाल हव्यात म्हटलं! आपल्या भट्टीच्या!"

डक्सबरी ते ऐकायला पस्तीस वर्षं थांबला असावा. त्याने मान हलवत सावकाश चहा संपवला. मग म्हणाला, "म्युरिअलचं ऐकलं मी. उद्या गाडी पाठवतो. आणि ऐक, तुझी ती भिंत नुसत्या लादीवर उभी आहे, खाली पाया नाही. तेव्हाच दिसलं होतं मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू बोलत होतास का माझ्याशी?"

शाइस्ता महिनाअखेरीच्या शुक्रवारी पुन्हा येणार होती. विल्फने पिवळी भिंत पाडली, चर खणून पाया भरला, आतून थंडी अडवणारे तक्ते ठोकले, छपराचा कागद बदलून घेतला. मग थरावर थर लाल वीट चढू लागली. त्याचे गुडघे रात्री ठणकायचे, तरी सकाळी हातात थापी आणि ओळंबा. मधेच कडाक्याची थंडी पडली. सिमेंटचा ओला माल गोठला तर विटांमधले सांधे भुसभुशीत होतात, म्हणून त्याने भिंतीला गोणपाट गुंडाळलं आणि वर स्वतःच्या पलंगावरची गोधडी टाकली. गल्लीतले लोक आता थांबून बघायचे. या खेपेला "छान दिसतंय" म्हणताना ते मनापासून म्हणत होते, आणि विल्फच्या जिवात थोडा जीव यायचा.

बुधवारी भिंत पुरी झाली. शेजारच्या भिंतीशी अशी मिळाली, की जोड शोधून सापडू नये. विल्फने फोनवर फोटो काढला, शाइस्ताला पाठवला आणि धावतच इस्पितळ गाठलं.

"बघ," तो म्हणाला. "लाल. शपथ मोडली मी तुझ्यासाठी. डक्सबरीच्या पाया पडलो म्हण हवं तर."

म्युरिअलने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं आणि फोन पांघरुणावर ठेवून दिला.

"ठीक आहे," ती म्हणाली.

विल्फचा तोल गेला. "ठीक आहे काय! हाडं मोडली माझी! पस्तीस वर्षं त्या पिवळ्या रंगापायी तोंड फिरवलंस, आता लाल केली तरी ठीक आहे?"

शेजारच्या पलंगावरच्या बाईने विणकाम थांबवलं. म्युरिअलचा आवाज मात्र चढला नाही.

"रंग? विल्फ, तुला वाटलं मी रंगावर रुसले?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "माझी गाडी होती तिथे. सपातांच्या कारखान्यात काम करून, माझ्या पगारातून घेतलेली. आपल्या गल्लीत गाडी चालवणारी मी एकटी बाई होते. रविवारी बहिणीला घेऊन मोरकमला जायचे, समुद्रावर. तू विकलीस. विचारलंही नाहीस. मी कामावरून आले तर दार गेलेलं आणि भिंत कमरेपर्यंत आलेली. लाल बांध, पिवळी बांध, सोन्याची बांध. भिंत ती भिंतच."

"तेव्हा पैसे..."

"पैसे नव्हते, माहीत आहे मला. विचारायला पैसे लागतात का?"

नोकरी गेली तेव्हा सगळं आपलंच गेलं, असं विल्फ आजवर धरून चालला होता. त्या दिवसात हिचंही काही गेलं, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की मान वर होईना.

"चुकलो मी, म्यू," तो शेवटी म्हणाला. "आता विचारतो. तिथे काय हवंय तुला?"

म्युरिअलने आधी नर्सला ताप बघू दिला.

"दार," ती म्हणाली. "रुंद. रस्त्यावर उघडणारं. चाकांच्या खुर्चीत बसून मला माझी मी बाहेर पडता येईल असं. कुणी उचलायला नको, कुणाला विचारायला नको."

"शुक्रवारी शाइस्ता येणार आहे गं. भिंत आत्ता झालीये."

"मग राहू दे. ठीक आहे."

गुरुवारी उजाडताच विल्फने छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वतःच्या हातची भिंत मधोमध फोडायला लागला. माल अजून कच्चा होता, विटा अख्ख्या निघत होत्या. गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. विल्फने रात्रीच फोन करून मागितलेलं दोन झडपांचं जुनं सागवानी दार गाडीत घालून डक्सबरी आला. भिंतीतलं भगदाड बघून तो काहीतरी खोचक बोलणार होता, पण विल्फचा चेहरा बघून त्याने कोट काढला आणि दाराचं एक टोक धरलं.

शुक्रवारी शाइस्ता आली तेव्हा चौकट बसली होती, झडपा अंगणात टेकवलेल्या, आणि खोलीतून बोचरा वारा आरपार जात होता.

"हे काय केलंत?" ती ओरडलीच. "बुधवारी तुम्ही मला फोटो पाठवलात! त्यांचा पलंग आजच रिकामा करायचाय मला! ही खोली कोरडी आणि उबदार म्हणून मी सही कशी करू?"

विल्फने म्युरिअल काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं, गाडीपासून. स्वतःची बाजू लावून धरली नाही. शाइस्ता ऐकत उंबऱ्यापाशी गेली. तिने वाकून जमीन बघितली. खोलीची जमीन आणि रस्ता एका पातळीत होते, मधे एकही पायरी नव्हती.

"मंगळवार," ती म्हणाली. "मंगळवारपर्यंत मी कसंबसं निभावते. आश्रमातली जागा मात्र सोडत नाही. वारा आत आला तर त्या तिकडे जातील, मग माझ्यावर रागावू नका."

मंगळवारी वारा आत आला नाही.

म्युरिअल रुग्णवाहिकेतून उतरली ती चाकाच्या खुर्चीत. विल्फ मागे दांडा धरायला गेला, तर तिने हाताने थांबवलं. रस्त्यावरून सरळ दारापर्यंत ती स्वतः चाकं ढकलत आली. दाराला रंग लागायचा होता, दोन्ही बाजूंच्या लाल विटांवर मालाचे शिंतोडे होते. ती "छान" म्हणाली नाही, आणि "ठीक आहे" असंही म्हणाली नाही.

"किल्ली?" तिने विचारलं.

विल्फने खिशातून काढून दिली.

"दुसरी?"

दुसरीही दिली. तिने दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या, पर्सचा खटका लावला आणि आत गेली. विल्फ मागोमाग निघाला.

"विल्फ."

"काय गं?"

"ही खोली माझी. यायचं असेल तर दार वाजवायचं."

दार लागलं. विल्फ स्वयंपाकघरात गेला, दोन कप चहा केला आणि बाहेरून फिरून पुन्हा त्या दारासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही हातांत कप, त्यामुळे त्याने कोपराने दार वाजवलं. आतून काहीच आवाज आला नाही. समोरच्या खिडकीतला पडदा हलला, गल्ली बघत होती. चहा निवत चालला होता. विल्फ तिथेच उभा राहिला, आणि तिने बोलावेपर्यंत त्याने पुन्हा दार वाजवलं नाही.