फस्टेड मास्तरांची सून

वराळ्यात महिपतीला मुकादम कुणी म्हणत नसे. तो रेल्वेच्या गँगचा मुकादम होता खरा, पण गावाच्या लेखी तो 'फस्टेड मास्तर'. गँगमधल्या गड्यांना फर्स्ट एड, म्हणजे प्रथमोपचार, शिकवायचा तो, आणि गावात कुणाचा हात मोडला तर खपच्या बांधायलाही तोच. माणूस भला, पण लाजाळू कसला! चंपा सून म्हणून घरात येऊन वर्ष होत आलं, तरी ती चुलीपाशी असली की हा बाहेरूनच खाकरायचा आणि पाण्याचा तांब्या बायकोकडून, नंदाबाईकडून, अंगणात मागवायचा. सासऱ्यानं सुनेकडं मान वर करून बघू नये, ही त्या घरची रीत.

शिकवायचा दाखला मुदत संपली की लोणावळ्याला जाऊन नव्यानं घ्यावा लागे. सदुसष्ट साली गेला, तर रेल्वेच्या डॉक्टरांनी निराळंच काढलं. "बुडालेल्याला पालथं घालून पाठ दाबायची, ते आता विसरा. उताणं निजवा, हनुवटी वर करा, नाक दाबा आणि तोंडाला तोंड लावून वारा भरा. छाती फुगलेली दिसली पाहिजे. नाडी लागत नसेल, तर छातीचं हाड तळहातानं दाबायचं."

बाकीचे एकमेकांकडं बघून हसले. महिपतीला काही हसू येईना. "साहेब, बाईमाणूस आसलं तर?"

"बाईमाणसाला श्वास लागत नाही का, मुकादम?"

महिपतीनं ते करून काही दाखवलं नाही. डॉक्टरांनी बजावलं, येत्या गुरुवारी करून दाखवा, नाहीतर शिकवणं बंद. घरी येईपर्यंत हा धुसफुसतच होता. या वयात हे असले धंदे कोण करणार!

मंगळवारी त्याची सुट्टी होती. वांग्यांना पाणी देत होता, तेवढ्यात नदीकडून बायांचा कालवा ऐकू आला. धुणं धुताना शेवाळावरून पाय सटकून चंपा डोहात गेली होती. शेजारच्या शकुबाईनं, काय छातीची बाई ती, कासोटा खोचून उडी घातली आणि केसाला धरून तिला काठावर आणली. पण पोर श्वास घेत नव्हती.

महिपती धावत पोचला आणि बघा, माणसाची सवय कशी असते! "आगं, मामंजी आलं तिचं!" म्हणून एकीनं चंपाचा ओलाचिंब पदर ओढून तिच्या तोंडावर घातला. श्वास बंद पडलेल्या पोरीच्या नाकातोंडावर ओलं कापड, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. महिपतीसुद्धा मान खाली घालून चार हात लांबच थांबला. "पालथी घाला, पाठ दाबा," तो तिथूनच सांगू लागला. शकुबाईनं जीव तोडून दाबली. काही होईना.

"मास्तर, पोर निळी पडाया लागली की वो!" ती ओरडली.

मग मात्र महिपती पुढं झाला. गुडघे टेकून त्यानं तिला उताणी केली आणि पदर स्वतःच्या हातानं बाजूला सारला. सुनेचं तोंड तो पहिल्यांदाच बघत होता. केवढं लहान होतं ते! त्यानं तोंडातला गाळ काढला, हनुवटी उचलली, नाक दाबलं आणि वारा भरला. छाती फुगली. परत भरला. मागं कोणी "आरं देवा!" म्हणालं, ते त्याच्या कानात शिरलंच नाही. घे की गं पोरी, घे, एवढंच तो मनात घोकत होता. बऱ्याच वेळानं चंपाला ठसका लागला. त्यानं तिला कुशीवर वळवलं, तशी ती भडाभडा पाणी ओकली आणि रडायला लागली.

पण गावाचं तोंड कोण धरणार? संध्याकाळपर्यंत पारावर खसखस पिकली, "सासऱ्यानं सुनेचा मुका घेतला!" बुधवारी महिपती घरी जेवायला फिरकलाच नाही. लोकांचं एक वेळ सोसता येईल, पण त्या पोरीला आपली किळस आली असेल तर? ते त्याला सोसवेना. गुरुवारी सकाळी तो अंगणात नुसता बसून राहिला. दाखला नको, वर्ग नको, बास झालं.

चंपा बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं. "मामंजी, गाडी चुकंल तुमची."

महिपती दचकलाच. "मी न्हाई जात, पोरी. लोकं काय बोलत्यात, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की. मी जित्ती हाय म्हनून बोलत्यात. मेले असते, तर माझ्या तेराव्याला लाडू जेवून गप गेली असती." मग ती आणखी जवळ आली. "तितं समद्या बाया व्हत्या, मामंजी. एकीलाबी काय येत नव्हतं. तुमी डूटीवर असता तर? जावा, दाखला घिऊन या. मग आमाला शिकवा. निजायला मी हाय."

महिपती उठला. टोपी घातली आणि तळेगाव स्टेशनाकडं पळत सुटला.

दाखला मिळाला. रविवारी बायांना शिकवायला पडवीत घोंगडी अंथरली. चंपा निजली. बाया एकमेकींना ढोसत खिदळत होत्या, पुढं कुणी होईना. "सरा गं," म्हणत नंदाबाई गुडघे टेकून बसली. नवऱ्यानं सांगितलं तशी तिनं सुनेची हनुवटी वर केली, नाक दाबलं, तोंडाशी वाकली, पोरीचा ऊन श्वास गालाला लागला, आणि तिला असा हुंदका फुटला की महिपतीला धडा थांबवावा लागला.