आठवीचा किल्ला

चकलीची भाजणी अर्धीमुर्धी भाजून झाली होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. दूधवाल्या भैयाची नव्हे, शेजारणीचीही नव्हे. हक्काची आणि जरा रागातली थाप.

"अहो, बघा की कोण आलंय," अनुसयाबाई म्हणाल्या. "मी हलले तर करपंल सगळं."

सुभेदार सर्जेराव गालाला साबण फासून आरशासमोर उभे होते. "असा जाऊ दाराला?"

"सीमेवर जाता, दाराला जायला काय होतंय?"

शेवटी बळवंतानं दार उघडलं आणि तो तसाच स्वयंपाकघरात पळत आला. "आई, मतलब... आमच्या माथुर मॅडम आल्यात."

जवाहर नगरातल्या त्या छोट्या शाळेच्या माथुर मॅडम मुख्याध्यापिका. जयपूरला बदली झाली तेव्हा अनुसयाबाई मुलाचं नाव घालायला त्यांच्याकडे गेल्या होत्या आणि स्वतःचंही घालून आल्या. कऱ्हाडच्या कॉलेजातून बी. ए. झालेली बाई, हाताला कला; हस्तव्यवसाय शिकवायला माणूस हवंच होतं. आधीच्या बाई मुलांकडून रुमालाचे कोपरे भरून घेत. ज्याचा त्याचा रुमाल, ज्याचे त्याचे गुण. अनुसयाबाईंनी पहिल्याच वर्षी रुमाल बंद केले आणि सगळ्या वर्गाला मिळून रंगमंचाचा पडदा रंगवायला लावला. यंदा दिवाळी तोंडावर आलेली, तेव्हा आठवीला मातीचा किल्ला काढला. फौजी घरांतली मराठी पोरं म्हणाली, सह्याद्रीतला करू. बाकीची म्हणाली, मग आमच्या जयपूरच्या आमेर किल्ल्यानं काय घोडं मारलंय? बाई म्हणाल्या, एकाच किल्ल्यात दोन्ही करा. खालची चढण आमेरची, वरचा दरवाजा आणि बुरूज आपले.

माथुर मॅडम खुर्चीच्या काठावर टेकल्या. "अनुसयाजी, तो किल्ला आजच्या आज हलवा. उद्या प्रदर्शन. खंडेलवालजी सकाळी सकाळी घरी येऊन गेले. त्यांची मंजू सांगते, महिनाभर तिनं नुसती माती तुडवली. ते विचारतात, माझ्या मुलीनं बनवलं काय ते दाखवा. मी काय दाखवू, चिखल?"

"आणि?" अनुसयाबाईंनी विचारलं. आणखी काहीतरी आहे हे त्यांना चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

"आणि तुमच्या किल्ल्याची वाट भिंतीत जाऊन थांबते! दरवाजा राहिला वर. पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. प्रत्येकाला एक पणती करू दे, खाली नाव लिहा, संपलं. पुढच्या वर्षीपासून पुन्हा रुमाल."

अनुसयाबाईंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले. "मॅडम, थंडीत तुमच्या गच्चीवर सगळ्याजणी मिळून मूगडाळीच्या मंगोड्या वाळत घालता ना? त्यातल्या तुमच्या कुठल्या?"

मॅडमना हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं. "मंगोड्यांना गुण द्यायचे नसतात, अनुसयाजी."

"ते खरं. मग मला आजचा दिवस द्या. संध्याकाळपर्यंत वाट दरवाज्याला पोचली नाही, तर मीच बादलीभर पाणी ओतून मोडते. रुमालही शिकवते."

मॅडम गेल्यावर सर्जेराव म्हणाले, "शब्द दिलास खरा. जमणार का?"

"मला नाही, पोरांना जमवायचंय. जमवतील."

शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात किल्ल्याभोवती पोरांचे दोन तट आधीच पडले होते.

"सात विती ठरलं होतं. आम्ही दरवाजा सातवर ठेवला!" बळवंत ओरडला.

"चढणही सातच आहे!" शांती माहेश्वरीचा आवाज त्याहून वर. "तुम्हाला गिनती येत नाही!"

अनुसयाबाई विटेवर बसून राहिल्या. उत्तर ओठावर आलं तरी ते गिळायचं, हे त्यांना चांगलं जमत असे. मातीचं घमेलं घेऊन मंजू मध्ये उभी होती. तिला स्वतःची भिंत नव्हती, म्हणून दोन्हीकडे जाणारी ती एकटीच.

"दोघं सातच मोजता," मंजू म्हणाली. "पण वर बळवंतचा हात आणि खाली शांतीचा."

मग शांतीनं आपला पंजा बळवंतच्या पंजाला लावला.

"हाय राम! हा हात आहे का फावडं?"

हशा उसळला. हे पोरांना आधी का कळलं नाही, ते मात्र अनुसयाबाईंनी मनात धरलं. माती हाताला लागते न लागते तोच घंटा होई. पुढच्या तासाला जो तो आपल्याच टोकापासून सुरुवात करी. दोन टोकं एकमेकांशी बोलायला वेळच मिळत नव्हता.

दरवाजा खाली घ्यावा तर बुरूज तडकणार. चढण सरळ उचलावी तर हत्ती घसरणार, असं कुणीतरी म्हणालं. हत्तीचं नाव निघताच शांतीला आमेरची हत्ती जातात ती चढण आठवली. "ती तरी कुठे सीधी आहे? वळूनच जाते."

"आमच्या गडाची पण," बळवंत म्हणाला. "दरवाजा समोरून दिसतच नाही, मतलब, बुरजाला फिरून गेल्यावर दिसतो."

"मग घुमव ना!"

त्यानंतर कोण काय बोललं याचा हिशोब राहिला नाही. घंटा झाली. अनुसयाबाईंनी हिंदीच्या गुरुजींपुढे हात जोडून त्यांचा तास मागून घेतला. गुरुजी वर्गात परतलेच नाहीत, तेही विटा सरकवत बसले. उन्हं कलायच्या आत वाट बुरजाला वळसा घालून दरवाज्यात शिरली. झालेली चूकच किल्ल्याची सगळ्यात देखणी जागा होऊन बसली.

दुसऱ्या दिवशी खंडेलवालजी किल्ल्यासमोर उभे राहिले. "मंजू, यात तुझं काय?"

"बापूजी, आधी तुमची वीत दाखवा." तिनं त्यांचा पंजा वाटेवर टेकवला, मग आपला, आणि सगळी हकिगत खुलवून सांगितली. खंडेलवालजी कापडाचे व्यापारी, त्यांना ते पटकन उमगलं.

"माझ्या दोन नोकरांचा गज वेगळा असता तर माझं दुकान कधीच बुडालं असतं," ते हसत माथुर मॅडमना म्हणाले. "माझ्या मुलीनं काय बनवलं ते कळलं मला."

गर्दी ओसरल्यावर मॅडमनी गुणांचा तक्ता पुढे केला. "आता यात काय लिहू?"

"सगळ्यांना एकच आकडा. कमी दिलात तरी सगळ्यांना कमी."

मॅडमनी लिहिला, आणि कमी लिहिला नाही. टोपण लावत म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही असंच काहीतरी करा. काय हवं ते मागा. रंग, माती, वेगळी खोली?"

"माती मैदानात आहे," अनुसयाबाई म्हणाल्या. "मला फक्त दोन तास लागोपाठ द्या. मधली घंटा नको."