डांबरतात्या आणि पांढरी गच्ची

तात्यांना डांबरतात्या कुणी केलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण हाक मारली की ते ओ देत. पस्तीस वर्षं त्यांनी गच्च्यांवर डांबरी शीट चिकटवली होती. हातांच्या रेषांत काळं इतकं मुरलेलं, की लेकीच्या लग्नाआधी सोड्याने घासूनही ते निघालं नाही. आपली एकही गच्ची गळत नाही, ही त्यांची मिजास. आणि जावई हा त्यांचा वैरी.

जावई सौर पॅनेल बसवायचा. दोघांचं पहिल्यापासून पटत नव्हतं, पण एका शाळेच्या गच्चीवरून प्रकरण हातघाईवर आलं. गच्ची तात्यांनी केलेली. तिच्यावर जावयाने दोन्ही बाजूंनी वीज करणारी पॅनेलं बसवली. वरून ऊन घ्यायचं आणि खालून परतलेला उजेड पाठीने घ्यायचा, असं त्यांचं काम. पण कबूल केलेली जादा वीज काही येईना. मुख्याध्यापिकाबाईंनी जाब विचारला, तेव्हा जावयाने बोट खाली दाखवलं.

"खाली सगळं काळं आहे बाई. सगळं ऊन पिऊन टाकतं. पाठीला काय मिळणार, डोंबल?"

हे कळल्याबरोबर तात्या गच्चीवर हजर.

"माझी गच्ची गळते का?"

"गळत नाही मामा. पण तुमच्या काळ्यापायी माझी पॅनेलं आंधळी झालीत."

"मग बसवताना तू आंधळा होतास का? बाईंना थापा मारल्यास तेव्हा गच्ची काय गुलाबी होती?"

"उद्याच पांढरी करून टाकतो सगळी."

"डांबरावर थेट रंग मारू नकोस. उन्हात डांबर वर येतं. आधी मधला थर दे."

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

तात्या तिथून पाय आपटत उतरले.

आठवड्याने, शाळेत काही काम काढून, ते पुन्हा वर गेले. गच्ची पांढरीशुभ्र होती. ते एका पॅनेलखाली उकिडवे बसले. आधी तिथे वायरी चाचपाव्या लागत. आता एकेक स्क्रू मोजता येत होता. हनुवटीला खालून ऊब लागत होती. बाईंनी मीटरचे आकडे दाखवले. वीज दहा टक्क्यांनी वाढली होती. पोरगं खरं बोललं होतं. थोबाडीत बसल्यासारखे तात्या घरी आले आणि जेवले नाहीत.

पुढचे दोन महिने ते लेकीकडे फिरकले नाहीत. "तुम्ही दोघं मिळून माझा जीव खाताय," लेक फोनवर करवादली.

उन्हाळा तापला आणि डांबर वर आलं. पांढऱ्यावर तपकिरी डाग फुटले, चिकट झाले, त्यांवर धूळ बसली. वीज घसरत जवळजवळ होती तिथेच आली. बाईंनी या वेळी जावयाला नाही, तात्यांना बोलावलं. डाग पाहून तात्यांना इतका आनंद झाला, की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण आनंद कमी झाला नाही.

चार दिवस ते पॅनेलांखाली सरपटले. चिकटलेला रंग खरवडला, मधला थर दिला, तो नीट वाळू दिला, मग पांढऱ्याचे दोन हात मारले. तिसऱ्या दिवशी जावई वर आला आणि खिशात हात घालून उभा राहिला.

"उपकार करताय का माझ्यावर?"

"तुझ्यावर? तू तहानेने मेलास तरी मी नळ सोडणार नाही. गच्ची माझी आहे, म्हणून आलोय. आणि बूट काढ, ओलं आहे."

जावयाने बूट काढले नाहीत. त्याच्या पावलांवर तात्यांनी पुन्हा ब्रश फिरवला, शिव्या घालत.

रंग टिकला, वीजही टिकली. जावयाने सगळीकडे सांगितलं की पॅनेलं माझी. तात्यांनी सांगितलं की पोराला रंग मारता येत नाही. दोघांचंही लोकांना पटलं, आणि कामं दोघांकडे येऊ लागली. आता जावई बायकोला सांगतो, "विचार, पांढऱ्याला किती दिवस." तात्या लेकीला सांगतात, "चार. तो खाली उतरल्याशिवाय मी चढणार नाही."

अशा सात गच्च्या झाल्या. दोघं पुन्हा कधी एकत्र वर गेले नाहीत. लेक म्हणते, तेच बरं. गच्च्यांचे कठडे फार बुटके असतात.