बाविसावी बांगडी

माझ्या बायकोच्या, मनकर्णाच्या, चुड्याची गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल. आणखी एकदा ऐका. आपल्या वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा.

चुडा भरायला आली पिंपळगाव राजाची बिस्मिल्ला मनियारीण. तिचा नवरा शकूर मोठा कसबी. राठ हातही त्याच्यापुढे मऊ व्हायचा. बिस्मिल्लाने जन्मभर नुसती टोपली उचलली. शकूर वारून सहा महिने झालेले, घरी नूरजहां धरून दोन लेकी, आणि नवरीचा चुडा ती पहिल्यांदाच भरणार. बिघडला, की पंचक्रोशीतली सगळी दारं बंद.

आणि नेमकी येताना तिची गाडी नाल्यात कलंडली! टोपलीत नुसता चुरा. तळाशी पेंढ्यातल्या बावीस हिरव्या बांगड्या शाबूत, त्याही पोरीसोरींच्या मापाच्या. चुड्याला लागतात एकवीस.

मनकर्णाची आत्या कौशल्याबाई त्या मोजून कडाडली, "फुटल्या ना साऱ्या?"

"असं बोलू नोका, आत्या. वाढल्या म्हना." बांगडी फुटली असं आपण तोंडातून काढत नाही; मनियारीण तर मुळीच नाही.

"लयच वाढल्या वं बाई! दिवा लागायच्या आत हळद हाये. पोरीच्या हातावर एक जरी वाढली, तर या गावात पुन्हा पाय टाकू नको."

आमच्या हिचा हात मी आजही धरतो, म्हणून सांगतो: कापूस वेचून, जातं ओढून चांगला रुंद झालेला. बिस्मिल्लाने तो चाचपला आणि तिचं तोंड उतरलं. "कोमट पानी द्या," म्हणाली आणि तांब्या घेऊन गोठ्यामागे गेली. मनकर्णा मागून रिठे घेऊन गेली, तर ही बाई कडब्यावर बसून रडत होती.

"नूरजहांके अब्बा, एक बार तो दिखाके जाते!"

मग तिने रिठ्याचा फेस केला आणि त्यात स्वतःचाच उघडा हात बुडवला. तोही तेवढाच रुंद. अंगठा तळव्यात मुडपला, हाड दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. कुठे दुखतं, कुठे वाट मिळते, ते दुसऱ्याच्या हातावर कसं कळणार? बांगडी सरकली. सहा महिन्यांनी मनगटावर हिरवा रंग. क्षणभर ती बघत राहिली. आता बांगडी निघेना. तिने मनगट दगडावर आपटलं.

उरल्या एकवीस.

"हात ढिला सोड वं माय," अंगणात येऊन बिस्मिल्ला मनकर्णाला म्हणाली. "मेल्यावानी सोड."

"शुभ बोल नं वं!" आत्या ओरडली.

बांगड्या एकेक चढू लागल्या. शेवटची हाडावर अडली. अंगणात उजेड सरत आलेला. हिने ओठ चावला, बिस्मिल्लाने डोळे मिटले आणि बोटांनीच वाट शोधली. गेली!

कौशल्याबाईने दोनदा मोजल्या. "एकवीस. अन् बाविसावी कुठं हाये?"

बिस्मिल्लाने मनगटावर पदर ओढला. "वाढली, आत्या."

आत्याने पदर बाजूला केला. रक्त पाहिलं. पुढे जळगाव जामोदहून बोलावणी यायची, राठ हात असेल तर बिस्मिल्लालाच आणा म्हणून. पण ते नंतर. त्या संध्याकाळी कौशल्याबाईने नवरीच्या वाटीतली हळद घेतली आणि आधी बिस्मिल्लाच्या मनगटावर दाबली.