होळीच्या ढिगातला हेजहॉग

हिल्डा गार्बटनं जन्मभर शाळेतल्या पोरांना जेवण वाढलं. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या त्या गल्लीत तिच्या हातचं न खाल्लेला माणूस विरळाच, त्यामुळं तिला सहसा कुणी उलट बोलत नसे. त्या संध्याकाळी मात्र बोलले.

ऑक्टोबरभर हेजहॉगचं, म्हणजे काटेरी पाठीच्या त्या छोट्या निशाचर जनावराचं, एक पिल्लू तिच्या दाराशी यायचं. उशिरा जन्मलेलं, मुठीएवढं. हिवाळ्याच्या झोपेआधी अंगावर चरबी चढायला हवी, म्हणून बिचारं भरदिवसासुद्धा वणवण करायचं. पण खायला किडे, गोगलगायी मिळणार कुठं? गल्लीतल्या परसांत फरश्या बसल्या होत्या, कुंपणांना खालून फळ्या ठोकल्या होत्या, आणि कुठं माती उरलीच तर तिथं गोगलगायी मारायचे निळे दाणे. हिल्डा बशीत मांजराचं खाणं काढून ठेवायची. मग थंडी वाढली आणि पिल्लू यायचं थांबलं.

पाच नोव्हेंबर म्हणजे इंग्लंडात गल्लोगल्ली होळी पेटवून फटाके उडवायची रात्र. त्या दिवशी दिवस कलताना ती कचरा टाकायला मागच्या बोळात गेली. पलीकडच्या मोकळ्या जागेत होळी रचून तयार होती. जुनी दारं, मोडकी खोकी, वर एक सोफा. आणि तोंडात पानांचा पुंजका धरून ते पिल्लू त्याच ढिगाखाली शिरत होतं.

होळीचं सगळं ट्रेव्हर स्टॅदर्स बघायचा. हिल्डानं त्याला गाठलं.

"ट्रेव्हर, ढीग उपसायला हवा. खाली हेजहॉग आहे."

"मिसेस गार्बट, आता गल्ली जमेल इथं. पोरं सकाळपासून नाचतायत."

"बाजूला रचा की पुन्हा. लाकडं तीच."

"पेटवायच्या आधी काठी आपटतो मी. जाईल पळून."

"ते पळत नाही रे. घाबरलं की गोळा होऊन तिथंच बसतं."

"म्हणजे जेवणाची सोय झाली," मागून कुणी तरी म्हणालं, आणि सगळे हसले.

हिल्डानं एक खोकं धरलं आणि ओढलं. गुडघा आधीच दुखरा. तळहातात खिळा घुसला, तरी ती ओढतच राहिली. लोक जमू लागले, पोरांच्या हातात फुलबाज्या आल्या. "म्हातारीचं डोकं फिरलंय," हेही तिला ऐकू आलं.

"हात लावा रे कुणी तरी," ती म्हणत होती, पण कुणाकडं बघत नव्हती.

तेवढ्यात शेजारचा क्लाइव्ह सडबी पुढं आला. कुंपणाखाली पहिली फळी त्यानंच ठोकली होती, आणि त्यावरून उन्हाळ्यापासून दोघांत अबोला होता.

"सरक. सोफा तुझ्यानं हलायचा नाही."

"आणि तुझी कंबर?"

"कंबर माझी आहे. तू बॅटरी धर."

दोघांनी मिळून अर्धा ढीग उपसला. तळाशी, एका दाराखाली, पानांचा गोळा होता. हिल्डानं हात घातला, काटे टोचले. पिल्लू इतकं हलकं लागलं की तिनं ते लगेच स्वेटरमध्ये गुंडाळलं.

"झालं ना?" ट्रेव्हर म्हणाला.

"त्या बाजूला अजून असेल तर? एका वेताला एकच पिल्लू नसतं रे."

"पुरे आता, मिसेस गार्बट. पोरं गारठलीत."

तिनं क्लाइव्हकडं पाहिलं. तो कंबर धरून खाली बसला होता, त्याला उठवत नव्हतं. ती एकटीच पुढं झाली, पण पुढचं दार जागचं हललं नाही. ट्रेव्हरनं तिला दंडाला धरून हळूच बाजूला नेलं.

ढीग पेटला. पिल्लू स्वेटरमध्ये धरून ती जाळाकडं पाठ करून उभी राहिली. कान मात्र तिकडंच होते.

सकाळी पिल्लानं बशीतलं खाणं जरासं चाटलं. जखमी जनावरं सांभाळणारी एक बाई येऊन त्याला घेऊन गेली. "एवढ्याशा वजनावर झोपलं असतं तर उठलं नसतं," ती म्हणाली. "हिवाळाभर ठेवू. जगलं तर जगलं."

ती गेल्यावर हिल्डा दाताळं घेऊन मोकळ्या जागेत गेली. राख अजून कोमट होती. खिळे निघाले, बिजागऱ्या, सोफ्याच्या स्प्रिंगा. दुसरं काही सापडलं नाही. पण दुसरं पिल्लू नव्हतंच, असं काही तिला म्हणवेना. ती पुन्हा एका टोकापासून राख ओढू लागली.