शालनचा आवाज, माझे ओठ

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा या गोष्टीला वळसाच घालत आले. आता सांगायला बसले आहे, तर पहिलंच वाक्य तीनदा खोडून झालंय — आणि त्याचा मला रागच येतोय. इतकी वर्षं बिनबोभाट गिळली ना? मग आता बाहेर काढताना कसले नखरे?

सांगते. पण थोडं लांबून यावं लागेल.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी भिवंडीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आमचं घर इथलं जुनं. वडील हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, घरात हार्मोनियम, मी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. हळदीकुंकवाला, गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘कुंदाताई, एक होऊन जाऊ दे’ म्हटलं की थोडे आढेवेढे घेऊन गाणारी ती मी. रेडिओच्या आवाज-चाचणीत मला दोनदा नापास केलं होतं, हे मात्र आळीत कुणाला ठाऊक नव्हतं.

शालन आमच्या शाळेत शिवण शिकवायची. जवळच्या शेलार गावाहून यायची. बौद्ध घरातली, भावाच्या गायन पार्टीत लहानपणापासून गात आलेली. नवरा बाळाराम पाणीपुरवठ्यात कामाला, पदरात एक छोटी मुलगी, रजनी. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी डबा एकत्र खायचो. तिची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मी घरी न सांगता खायचे आणि त्याबद्दल स्वतःला फार मोठ्या मनाची समजायचे. ती माझी मैत्रीण होती. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे मीच त्यात काहीतरी मखलाशी करेन.

तर त्या वर्षी बेल्जियमहून एक बाई सिनेमा काढायला आल्या. योहाना त्यांचं नाव. त्यांच्या गावातली कापडगिरणी बंद पडली होती, यंत्रं विकली गेली होती, आणि त्यातली काही भिवंडीला पोचली असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यावरून त्यांनी गाण्यांचा सिनेमा रचला. गिरणी कामगाराची मुलगी आईची यंत्रं शोधत इथपर्यंत येते आणि शेवटी तिला त्याच लूमपाशी, म्हणजे यंत्रमागापाशी, गाणारी एक बाई भेटते. त्या शेवटच्या गाण्यावर सगळा सिनेमा उभा होता. मागे मोठी कंपनी नाही, काही नाही. चार-पाच माणसं, एक कॅमेरा आणि योहानांचा हट्ट.

त्यांना दुभाषी हवी होती. आमच्या मुख्याध्यापिकांनी मला पुढे केलं. आणि बघता बघता दुभाषीपासून पोलीस चौकीच्या परवानगीपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात आलं. काय वैताग होता म्हणून सांगू! आज परवानगी मिळाली तर वीज नाही. वीज आली तर कारीगर शिफ्ट सोडून कॅमेऱ्यापुढे भांग पाडून उभे. कारखान्याचे सेठ सज्जन, पण योहानांनी लूम थांबवायला सांगितले की त्यांचं एकच उत्तर, “मॅडम, लूम रुकेगा नहीं. गाना थोडा जोर से गाओ.” सगळे लूम चालू ठेवले तर आवाज टेप करणारा डोक्याला हात लावून बसायचा, सगळे बंद केले तर योहानांना ते गाणंच खोटं वाटायचं. मध्ये उभी मी. दोन्हीकडची बोलणी खाणारी.

पण खरा वैताग निवडीचा होता. शाळेच्या हॉलमध्ये आम्ही बायकांना बोलावलं. आया मुलींना नाचाचे घागरे घालून घेऊन आल्या. हिरो कोण आहे, एवढंच सगळ्यांना हवं होतं. योहाना शांतपणे एकेकीचं ऐकायच्या आणि मान हलवायच्या. त्यांचा एक नियम होता. जी दिसेल तीच गाईल, तिथेच, लूमसमोर. आवाज एकीचा आणि चेहरा दुसरीचा, हे त्यांना ऐकूनसुद्धा खपत नव्हतं. आपल्याकडे सगळे सिनेमे असेच होतात, असं मी सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

मग एका दुपारी कुणी नसताना मीही गाऊन दाखवलं. हो, दाखवलं. इतके दिवस मनात तेच तर होतं. योहानांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, “फार नीटनेटकं गाता तुम्ही.” आणि कागद उलटून उद्या कोण येणार ते विचारलं. नीटनेटकं! एखाद्या मुलीच्या वहीला शेरा द्यावा तसं. तिसऱ्यांदा नापास झाले मी, आणि या वेळी परीक्षक माझ्याच चहाच्या कपातून चहा पीत होत्या.

दुसऱ्या दिवशी शालन आली. मीच बोलावलं होतं तिला, सगळ्यांना बोलावलं तसंच. तिने तिच्या आईचं भातलावणीचं गाणं म्हटलं. साथ नाही, तयारी नाही, हातात शिवणाच्या तासाची मापाची टेप तशीच. योहाना उठून उभ्या राहिल्या. गाणं संपल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं — हीच. विचारा तिला.

आणि मी विचारलं नाही.

इथे थांबावंसं वाटतंय. इथपर्यंत मी नुसती दुखावलेली बाई आहे, नाही का? इथपर्यंत तुम्हाला माझी थोडी कीवसुद्धा येत असेल. ती ठेवून द्या.

योहानांना मी सांगितलं की शालनची इच्छा आहे, पण तिचा नवरा तिला पडद्यावर दिसू देणार नाही. आवाज देईल, तोंड दाखवणार नाही. आमच्याकडे असंच असतं, म्हटलं. योहाना दोन दिवस चरफडल्या. मी जाऊन त्याच्याशी बोलते, म्हणाल्या. मी म्हटलं, त्याने तिलाच त्रास होईल. तो नाद त्यांनी सोडला. शेवटी नाइलाजाने विचारलं, मग लूमसमोर उभं कोण राहणार? मी हातातले परवानगीचे कागद नीट लावले. मग म्हटलं, हवं तर मी राहते.

आणि शालनला काय सांगितलं? की त्यांना आवाज तुझा हवा आहे, चेहरा दुसरा. आपल्या सिनेमासारखंच. तिला संशय यायचं कारणच नव्हतं. लहानपणापासून तिने पडद्यावर हेच पाहिलेलं. इंग्रजी तिला जेमतेम यायचं, योहानांना मराठी शून्य. दोघींमधला रस्ता माझ्या तोंडातून जात होता.

तिने एकदाच विचारलं, “का ओ ताई, मी बरी दिसत न्हाय का?”

“तसं नाही गं,” मी म्हटलं, “त्यांचं काहीतरी असतं.”

ती हसली. म्हणाली, बरं झालं, कॅमेऱ्यासमोर माझी बोबडीच वळली असती. मला तेव्हा हायसं वाटलं. किती सहज पार पडलं, असं वाटलं.

जातीमुळे केलं का मी हे? स्वतःला कितीदा विचारलंय. आणि दर वेळी घाईघाईने नाही म्हटलंय. त्या घाईचाच मला आता संशय येतो. शालन माझ्या बरोबरीने बसली याला माझी कधीच हरकत नव्हती. ती माझ्या पुढे गेली याला होती. हा आवाज माझ्या घरात, हार्मोनियमच्या परीक्षा दिलेल्या गळ्यात यायला हवा होता, तो शेलारला कसा गेला — असं काहीतरी मला वाटत होतं. याला जात म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

शूटिंगच्या दिवशी शालन सुताच्या पोत्यांमागे उभी होती, माइक तिच्यापुढे. मी लूमसमोर, ठेवणीतली साडी नेसून. मला तिच्या गाण्यावर ओठ हलवायचे होते आणि मला ते जमेना. श्वास कुठे घ्यायचा तेच कळेना. योहाना वैतागल्या, कॅमेरावाला वैतागला, सेठ घड्याळ दाखवायला लागले. तेव्हा शालनने पोत्यांमागून हात वर केला. गाता गाता ती हाताने मला खुणा करायला लागली. आता श्वास घे. आता थांब. आता मान वर. तिच्या हाताकडे बघून मी ते गाणं ‘गायले’. माझं तिनेच निभावून नेलं. चांगलं झाल्यावर सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्याही तिनेच.

बाळाराम रजा टाकून आला होता. दिवसभर सगळ्यांना पाणी देत होता, वायरी उचलत होता, घरून शहाळी घेऊन आला होता. योहानांनी त्याच्या हातचं शहाळं घेतलं नाही. तो नमस्कार करायचा, त्या दुसरीकडे बघायच्या. त्यांच्या लेखी तो बायकोला कोंडून ठेवणारा माणूस होता. संध्याकाळी सामान भरताना तो माझ्याजवळ आला. “ताई, मॅडम माझ्यावर नाराज हायेत का? माझं काय चुकलं न्हाय ना?”

मी म्हटलं, परदेशी लोक असेच असतात. तो मान डोलावून परत वायरी गुंडाळायला गेला. योहाना तिथेच उभ्या होत्या, चार पावलांवर. एक वाक्य पुरलं असतं. इंग्रजीत किंवा मराठीत, कुठलंही.

वर्षभराने टेप आली. शालनने भाड्याने व्हिडिओ आणला, शेजारपाजार गोळा केला, मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. शेवटचं गाणं लागलं तेव्हा छोट्या रजनीने विचारलं, “आई, तुझा आवाज काकूंच्या तोंडातून का येतो?” सगळे हसले. मीही हसले. शेवटी नावं आली, त्यात शालनचं नाव होतं. तिथे बाळाराम टेप थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा लावायचा. शालन ज्याला त्याला सांगत होती, ताईंमुळे माझा आवाज परदेशात गेला. अजूनही सांगते.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच तो गुन्हा. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. या लबाडीला मी सरावलेही होते. रागाच्या भरात केलेली चूक, मत्सर, कुणाला नसतो — अशी तिची समजूत घालून ठेवली होती.

पण याच्या पुढे एक आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. रजनी कॉलेजात होती. शालनपेक्षा सरस गायची, हे मी गाण्यातलं कळणारी म्हणून सांगते. टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या निवडीला तिला कॉलेजने पाठवायचं ठरवलं होतं, एकटीने गायला. शालनने मला घरी बोलावलं. वाटलं, कौतुकाला बोलावलं असेल. बघते तर रजनीचे डोळे रडून सुजलेले, आणि शालन म्हणत होती की एकटीने नको, कोरसमध्ये गा.

का गं, असं मी विचारलं.

“सावळी हाय ताई, माझ्यासारखीच,” शालन म्हणाली. “आवाज कुनी नाकारनार न्हाय तिचा. पण मग गोड बोलून मागं उभं करतील. तेव्हा लई लागतं. मी कुनाला बोलले न्हाय, पण मला लई लागलं होतं. लांबून आलेली ती मानसं, त्यांनीबी तोंडच बघितलं ना शेवटी? त्यापेक्षा आधीपासूनच मागं राहिलेलं बरं.” मग मुलीकडे वळून म्हणाली, “माझं खोटं वाटत असंल तर ताईंना विचार. त्या होत्या तिथं.”

दहा-अकरा वर्षं ती हे मनात घेऊन जगत होती. माझ्यासोबत डबा खाताना, माझं कौतुक करताना. बरी दिसत नाही म्हणून आपल्याला पोत्यांमागे उभं केलं, असं ती धरून चालली होती, आणि त्याबद्दल माझे आभारही मानत होती.

रजनी माझ्याकडे बघत होती. तिला माझ्याकडून आईविरुद्ध एक शब्द हवा होता, हे स्पष्ट दिसत होतं. योहाना हजारो मैलांवर. नोकरीची माझी थोडीच वर्षं उरलेली. बोलले असते तर फार तर काय गेलं असतं? एक मैत्रीण, थोडी अब्रू. दुसऱ्या बाजूला ही पोरगी होती.

क्षमा मागायला मी शालनकडे गेलेली नाही. ती आहे अजून, शेलारलाच. बाळाराम गेला, काय चुकलं ते न कळताच गेला. रजनी दोन-तीन वर्षं कोरसमध्ये मागच्या रांगेत उभी राहिली आणि मग तेही सोडलं. मी हे सगळं तिच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहीत नाही, पोचू नये म्हणूनही नाही. एवढंच की त्या दिवशी तिने मला विचारलं, “काकू, आई म्हणते ते खरं आहे?”

आणि मी तिच्या तोंडाकडे बघून, शुद्धीत, स्वच्छ आवाजात हो म्हणाले.